आमची कंपनी, तीनशे बारा सभासद आणि माझे अठरा क्विंटल



बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. औंदा मे महिन्यातच पावसाळ्यासारखा पाऊस लागून राहिला. नांगरून टाकलेलं रान तापलंच नाही. पाळी घालायची तर वापसा नाही. ट्रॅक्टर गोठ्यापुढं उभा आणि आम्ही ओट्यावर बसलेलो. अशा बसल्या दिवसांत 25 मे, रविवारी, आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सभा झाली. विषय एकच होता. कंपनी ठेवायची का बंद करायची.

म्हणून आज पिकाचं नाही, कंपनीचं लिहितो. खूप जणांच्या गावात अशा कंपन्या निघाल्यात. काही चालतात, पुष्कळशा पाटीपुरत्या उरल्यात. आमची त्या दोन्हीच्या मधी लटकलेली होती. मी त्यातला एक संचालक. चुका आमच्याच आहेत, त्यात एक माझी स्वतःची आहे. ती बी सांगणार आहे.

आधी कंपनी म्हणजे काय ते सांगतो, कारण आम्हाला स्वतःलाच ते फार उशिरा कळलं. 2002 साली कंपनी कायद्यात बदल झाला आणि शेतकऱ्यांना कंपनी काढायची वाट मोकळी झाली. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीनं तसं सुचवलं होतं. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी निघते. संचालक कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंधरा. भागभांडवल कुणाचं किती बी असो, एका सभासदाला एकच मत. चाळीस एकरवाला आणि एक एकरवाली, दोघांचा हात सारखाच मोजायचा. सोसायटीसारखंच वाटतं, पण कागद कंपनीचे आणि नियम बी कंपनीचे. ही दुसरी गोष्ट आम्ही कानाआड केली.

2018 साली आम्ही दहा जणांनी सुरुवात केली. हजार रुपयांचा शेअर. गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांत घरोघर मी फिरलो. दहावी पास माणूस, पण बोलायला बरा, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. "आपला माल आपण विकू, मोंढ्यातल्या कटतीतनं सुटू," असं मी प्रत्येक उंबऱ्यावर म्हणलेलं आहे. तीनशे बारा जणांनी हजार-हजार दिले. आमच्या गल्लीतल्या एका चुलतीनं शेळी विकलेल्या पैशातले दिले. मी पावती फाडली आणि पुढच्या घरी गेलो. तेव्हा काही वाटलं नाही. नंतर फार वेळा वाटलं.

पहिली तीन वर्षं बरी गेली. खत, बियाण्याचा परवाना काढला. हरभऱ्याचं हमीभाव खरेदी केंद्र एका हंगामात मिळालं. सरकारी योजनेतून 60 टक्के अनुदानावर शेड आणि धान्य चाळायची, प्रतवारी करायची मशीन आली. राहिलेल्या पैशाला बँकेनं कर्ज दिलं. माल वाहायला एक जुना छोटा टेम्पो घेतला. बी.एस्सी. झालेला गावातलाच एक पोरगा बारा हजारांवर व्यवस्थापक ठेवला. साडेतीन लाखांच्या वर नफा साठला होता. सभेत पेढे वाटले.

मग सोयाबीननं घात केला. सोयाबीननं कसला, आमच्या हावेनं.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलेलं सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा कुणाच्याच घरात माल नव्हता. आमच्यासारखे चार महिने आधी विकून मोकळे झालेले. मग सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, नवा माल आला, भाव खाली बसला. डिसेंबरमध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदे बंद केले. तरी 2022 च्या मार्चमध्ये भाव पुन्हा सात हजारांच्या वर आला. आम्हाला वाटलं, औंदा बी ऑगस्टला दहा होणार. कुणी हिशेब मांडला नाही. मागच्या वर्षी झालं म्हणून ह्या वर्षी होणार, एवढाच हिशेब.

सभासदांकडून 7,100 नं 400 क्विंटल घेतलं. 28 लाख 40 हजार. त्यातले 20 लाख वखारीच्या पावतीवर तारण कर्ज. सहा संचालकांनी प्रत्येकी 80 हजार घातले, त्यात मी एक. राहिलेले 3 लाख 60 हजार कंपनीच्या गल्ल्यातनं. माल वखारीत लावला आणि भावाकडं डोळे लावून बसलो.

ऑगस्ट आला, दहा हजार आला नाही. ऑक्टोबरला पाच हजारांच्या आसपास. बँकेचं पत्र आलं की तारण मालाची किंमत उतरलीय, फरकाची रक्कम भरा. भरायची कुठून? जानेवारी 2023 मध्ये 5,350 नं सगळं विकलं. आले 21 लाख 40 हजार. मालातच सात लाख गेले. व्याज, वखारीचं भाडं, हमाली, घट धरून आणखी दोन. नऊ लाखांचा खड्डा. कंपनीचा साठलेला नफा गेला, सहा जणांचे ऐंशी-ऐंशी हजार गेले आणि वर साठेक हजार उसनवारी झाली.

लोक म्हणतात संचालकांनी खाल्लं. नाही खाल्लं. पण खाल्लं असतं तरी सभासदाच्या दृष्टीनं फरक काय पडला असता? पैसे गेले ते गेले.

ह्यात एक शहाणपण आम्ही नऊ लाख देऊन विकत घेतलं ते सांगतो. माल धरून ठेवणं हा वेगळा धंदा आहे. मोंढ्यातला मोठा व्यापारी माल धरतो तेव्हा त्याच्याकडं स्वतःचं भांडवल असतं, एका मालात गेलं तर दुसऱ्यात निघतं. आमच्याकडं एकच माल, एकच हंगाम आणि दुसऱ्याचा पैसा. व्याज रोज चढत होतं, झोपेत बी चढत होतं. भाव मात्र रोज चढत नाही.

2023 च्या उन्हाळ्यात व्यवस्थापक पोरगा सोडून गेला. दोन महिन्यांचा पगार थकला होता, त्याला दोष नाही. तो गेला आणि कागद थांबले. सप्टेंबरची सभा झाली, पण पुढं जे दोन फॉर्म ऑनलाइन भरायचे असतात, ताळेबंदाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक, ते भरलेच नाहीत. सीएची फी द्यायला पैसे नव्हते. पुढच्या वर्षी बी तसंच. आमचा समज असा की धंदाच बंद आहे, तर फॉर्म कशाला? हा समज महागात पडला. धंदा असो-नसो, कंपनी जिवंत आहे तोवर विवरण भरावंच लागतं. उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला 100 रुपये. दोन वर्षांचे चार फॉर्म. औंदा मे महिन्यात सीए साहेबांनी मोजून सांगितलं, नुसता उशिराचा आकार दीड लाख. आणि तिसरं वर्ष चुकलं असतं तर आम्ही दहाही जण पाच वर्षं कुठल्याच कंपनीचे संचालक राहायला अपात्र.

मी म्हणलं, मग बंदच करून टाकू. तर ते हसले. म्हणाले, बंद करायला बी आधी हिशेब पुरा लागतो. राहिलेली विवरणं भरा, देणी शून्य करा, मग नाव काढायचा अर्ज करा. त्याची फी दहा हजार, वर संचालकांची शपथपत्रं. कंपनी काढायला आम्हाला महिना लागला नव्हता. मोडायला वर्ष लागेल असं दिसत होतं. लग्न जमवायला एक बैठक आणि काडीमोडाला दहा तारखा, तसली गत.

आणखी एक. कंपनीत जबाबदारी मर्यादित असते असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कंपनी बुडाली तरी तुमच्या घरादाराला हात लागत नाही. हे खरं आहे. पण मशीनच्या कर्जाच्या वेळी बँकेनं सगळ्या संचालकांच्या वैयक्तिक हमीवर सह्या घेतल्या. आम्ही पानं न वाचता केल्या. हमीवर सही केली की त्या कर्जापुरती मर्यादा संपली. 3 लाख 10 हजार अजून बाकी होते आणि त्यात माझं बी नाव होतं. नवीन कंपनी काढणाऱ्यांनो, एवढं एक पान तरी वाचून सही करा.

आता माझं.

2023 चा ऑक्टोबर. कंपनीनं झेपेल तेवढी, थोडी खरेदी चालू ठेवली होती. भाव 4,600, पैसे दहा दिवसांनी, कारण मिलकडून आल्यावरच आम्ही देणार. माझं अठरा क्विंटल सोयाबीन खळ्यावर तयार. मुलीची पुण्याची कॉलेजची आणि हॉस्टेलची मिळून साठ हजार फी त्या आठवड्यात भरायची होती. मोंढ्यात भाव 4,650 आणि पैसे रोख. मी ट्रॉली भरली आणि मोंढ्याला गेलो. रस्ता कंपनीच्या शेडवरूनच जातो. दुसरा रस्ता नाही. सकाळी आठची वेळ, शेडपुढं चार माणसं बसलेली. कुणी काही बोललं नाही. मी बी इकडं तिकडं बघितलं नाही.

फरक किती? अठरा क्विंटलला नऊशे रुपये. पण मी नऊशेसाठी नाही गेलो, दहा दिवसांसाठी गेलो. त्या हंगामात नंतर कंपनीच्या काट्यावर फार थोडा माल आला. ज्यानं घरोघर फिरून शेअर गोळा केले तोच मोंढ्याला गेला म्हणल्यावर दुसरा कशाला थांबेल?

तेव्हा मी सभासदांवर चिडायचो, लोकांना कंपनी नको, आडत्याच पाहिजे. आता वाटतं, लोक चुकत नव्हते. आडत्या जूनमध्ये बियाण्याला उचल देतो, दवाखान्याला रात्री अकराला पैसे देतो, माल टाकला की पट्टी आणि रोकड हातात. त्याची किंमत तो भावात आणि वजनात वसूल करतो, ते आपल्याला माहीत असतं. तरी आपण जातो, कारण अडल्या वेळी त्याच्याकडं पैसा असतो. आम्ही भावाच्या पन्नास रुपयांत त्याच्याशी भांडत होतो. तो दहा दिवसांत आम्हाला हरवत होता. खेळतं भांडवल नसलेली खरेदी म्हणजे बैल नसलेली गाडी. उतारावर चालते तेवढीच.

सभेच्या आदल्या रात्री झोप आली नाही. पाऊस चालूच होता. बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो. गोठ्याच्या मागच्या अंगाला आजोबाचा किर्लोस्करचा लोखंडी नांगर पडलेला आहे. आठ बैलं लागायची त्याला. त्याच्या पलीकडं किर्लोस्करचं डिझेल इंजिन, विहिरीवर लाइट यायच्या आधीचं. लहानपणी त्याचं हँडल मारायचं काम माझं होतं. दोन्हींवर नाव एकच.

हा नांगर बघितला की मला त्याची कथा आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. तिथं डावललं गेलं म्हणून सोडून बेळगावला आले. 1888 साली सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीत विष कालवतं असं लोकांना वाटायचं. पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्याचे नांगर झाले. नांगरावर मग पंप आले. 1946 साली पुण्याला इंजिनाचा वेगळा कारखाना निघाला. शेतकऱ्याला जे लागत गेलं ते बनवत गेले. बैल कमी झाले तर नांगरावर रडत बसले नाहीत.

पण त्याच घराण्याचा हरिहरचा कारखाना होता, म्हैसूर किर्लोस्कर, 1941 चा. मोठी मोठी लेथ मशीनं करायचा, देशभर नाव. तो ह्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. म्हणजे नुसत्या नावानं कुणी तरत नाही. एका बापाची दोन पोरं, एकाचं रान पिकतं, एकाचं पडीक पडतं.

दुसरं उदाहरण तर आमच्या घरातच कपाटात आहे. वडिलांचं एचएमटीचं घड्याळ. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. चावी दिली की अजून चालतं, दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं एवढंच. सरकारी कंपनी. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला घड्याळं सुरू केली, 1971 ला पिंजोरला ट्रॅक्टर. आमच्या शेजारच्या आबांकडं 3522 आहे, ओढायला आजही तगडा, पण एखादा पार्ट मिळवायला आठवडा जातो. माल वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. पण बॅटरीची घड्याळं आली, टायटन आलं, लोकांची आवड फिरली, आणि एचएमटीला वळायला उशीर झाला. वर्षानुवर्षं तोटा सरकार भरत राहिलं. 2016 साली घड्याळाची कंपनी आणि पिंजोरचा ट्रॅक्टर, दोन्ही बंद करायचं ठरलं. घड्याळ चालू आहे, कंपनी नाही. चांगला माल असून बी कंपनी बुडते, हे मला त्या घड्याळानं शिकवलं.

2019 ला आम्ही गाडी करून दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघायला गेलो होतो. विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना घेऊन उभं केलेलं. आम्ही काय बघितलं? मोठं शेड, शीतगृह, कंटेनर. फोटो काढले आणि आलो. जे बघायचं ते बघितलं नाही. 2010 साली युरोपात क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून भारताची द्राक्षं अडकली, निर्यातदार पार झोपले, शिंदे यांना बी मोठा फटका बसला. त्यानंतर त्यांनी कुठल्या बागेत काय फवारलं ह्याची नोंद ठेवण्यावर आणि शेतकऱ्यांच्या संघटनावर भर दिला. तोटा झाल्यावर कामाची पद्धत बदलली. आम्ही तोटा झाल्यावर एकमेकांकडं बघायचं बंद केलं.

रात्री गोठ्यात उभं राहून एवढं सगळं डोक्यात आलं. आणि मग एक साधा प्रश्न आला. आपल्या कंपनीकडं अशी कोणती गोष्ट आहे, जिला भांडवल लागत नाही आणि गावाला जिची गरज आहे?

ती शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन वर्षं झाकून पडलेली होती. चाळणी मशीन.

सभेला गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात, म्हणजे आमचे 78. आले 83. पावसानं रान बंद म्हणून आले, एरवी आले नसते. अध्यक्षांनी हिशेब वाचला. एकदम गलका झाला. "आमचे हजार परत द्या" इथंपासून "ह्यांच्यावर केस टाका" इथंपर्यंत. मी उठलो. मी काय बोलायचं ते लिहून नेलं होतं, पण चिठ्ठी काढलीच नाही. आधी मोंढ्याच्या ट्रॉलीचं सांगितलं. कोणत्या दिवशी, किती क्विंटल, काय भावानं, कशासाठी. म्हणलं, तोटा बाजारानं केला, पण कंपनीचा विश्वास त्या दिवशी मी मोडला. शेडपुढं बसलेल्या चौघांनी बघितलंय.

गप्प झाले सगळे. मग ती शेळीवाली चुलती मागच्या ओळीतनं म्हणली, "तू बी इकलास, म्या बी इकले. आता फुडचं बोल."

पुढचं असं. आपल्या भागात सोयाबीनचं बियाणं हा दरवर्षीचा घोर. 2020 ला राज्यभर विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून किती बोंब झाली होती, आठवा. सोयाबीन सरळ वाणाचं, आपलं घरचं चांगलं बी दोन-तीन वर्षं पुन्हा वापरता येतं. अडचण असते ती चाळणीची आणि उगवण तपासायची. फुटकं, बारीक, डागी दाणं काढून टाकायला हवं. तर कंपनीनं माल विकत घ्यायचाच नाही. सभासदाचं बी त्याच्याच पोत्यात आणायचं, चाळायचं, उगवण तपासायची, आणि त्यालाच परत द्यायचं. क्विंटलला 90 रुपये मजुरी. आम्ही बी विकत नाही, चाळून देतो. वखार नको, व्याज नको, भाव चढो की उतरो, आमचं काही जात नाही. हरभऱ्याला तेच, तुरीला तेच.

एका तरुण सभासदानं बरोबर प्रश्न विचारला, "दादा, ह्यात कंपनी श्रीमंत कशी होणार?" मी म्हणलं, होणार नाही. पण आधी उभी राहू दे.

हात वर झाले. 51 जणांनी म्हणलं दोन हंगाम बघू. 32 जणांनी म्हणलं बंद करा. त्या 32 जणांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मी बी तिकडंच हात केला असता. ठरलं ते असं. टेम्पो विकायचा आणि बँकेचं कर्ज फेडायचं, कमी पडेल ते मजुरीतनं. उशिराचा दीड लाखाचा आकार सभासदांवर नाही, दहा संचालकांवर, प्रत्येकी 15 हजार. मार्च 2027 ला हिशेब मांडायचा. तेव्हा बी जमत नसेल तर रीतसर अर्ज करून बंद करायची, पाटी गंजायला ठेवायची नाही.

माझे पंधरा हजार म्हैस विकून दिले असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. हळदीचे पैसे होते, त्यातनं दिले. बायको दोन दिवस बोलली नाही. त्या ऐंशी हजारांच्या वेळी तिला विचारलं नव्हतं, ते तिनं आता काढलं. बरोबरच आहे तिचं.

आज जून अर्धा झाला. टेम्पोचे 2 लाख 40 हजार आले आणि बँकेत भरले. 70 हजार राहिलेत. मशीनच्या चाळण्या गंजल्या होत्या, दोन नव्या टाकल्या. आतापर्यंत 140 क्विंटल चाळून झालं. 12,600 रुपये मजुरी. वीजबिल आणि दोन गड्यांची हजेरी जाऊन फार उरत नाही, पण दोन वर्षांत पहिल्यांदा कंपनीच्या वहीत जमेच्या बाजूला शाई लागली.

उगवण तपासायला 37 जणांनी नमुने दिले. रीत सोपी, घरी बी करता येते. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडायचं आणि नीट मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर नेहमीच्या मापानं पेरा. साठ-पासष्ट आले तर बी वाढवा. त्याखाली असेल तर ते मोंढ्याला घाला, रानात नको. 37 पैकी 9 जणांचं सत्तरच्या खाली निघालं. त्यातल्या एकाचं 41. तो माणूस चार एकर पेरणार होता. दुबार पेरणीचं संकट पावसाच्या आधीच टळलं, तेही गोणपाटाच्या तुकड्यावर. माझं स्वतःचं 76.

आणि हो, चाळून नेलेलं पोतं आपटू नका. सोयाबीनची साल नाजूक असते, वरनं टाकलं की दाणा आतनं मरतो आणि वरनं धडधाकट दिसतो. आमच्या कंपनीसारखा.

त्या चुलतीनं काल तिचं पाऊण पोतं डोक्यावर आणलं. एक एकराचं बी. मजुरी घेऊ नये असं मला वाटत होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि पैसे काट्यावर ठेवले. म्हणली, "फुकट दिलंस तर पुन्ना बुडशील." पावती मीच फाडली. ह्या वेळी नाव नीट लिहिलं.

उद्या सकाळी सातला मशीन चालू होईल. वाडीवाल्यांचा नंबर आहे. पोती आपली आपण आणा, सुतळी बी. पाऊस उघडला तर दुपारनंतर मी रानात असेन, पाळी घालायची राहिलीय.

तुमच्या गावच्या कंपनीचं काय चाललंय, ते कळवा. बुडालेली असेल तरी कळवा. बुडालेल्याकडनंच जास्त शिकायला मिळतं.